मेंदूचा पहारेकरी

संध्याकाळची बदलापूर लोकल ठाणे सोडून निघाली आहे. खिडकीजवळ बसलेले एक गृहस्थ दिवसभराच्या कामाने थकून डुलक्या घेत आहेत. डोंबिवली येते, कल्याण येते. फलाटावर कोलाहल उठतो, उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची रेटारेटी होते, डब्यातली घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत स्थानकाचे नाव सांगते. आपले गृहस्थ मान खाली घालून झोपलेलेच. विठ्ठलवाडी जाते, उल्हासनगर जाते. मग डब्यात शब्द उमटतात, ‘पुढील स्थानक, अंबरनाथ’, आणि गृहस्थ खाडकन डोळे उघडतात, पिशवी सावरतात आणि दाराकडे निघतात.

हे दृश्य तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. पण त्यात एक कोडे आहे. गृहस्थांचे कान झोपेत बंद असतील, तर त्यांना ‘अंबरनाथ’ हा शब्द ऐकू कसा आला? आणि कान उघडे असतील, तर कल्याणच्या त्याहून मोठ्या गलक्याने त्यांना जाग का आली नाही? सवयीने वेळेचा अंदाज येतो हे खरे. पण तेवढ्याने कोडे पुरते सुटत नाही. याचा अर्थ असा, की झोपलेल्या माणसाच्या मेंदूत कोणीतरी जागे होते. येणारा प्रत्येक आवाज ते तपासत होते, बिनमहत्त्वाचे आवाज परत पाठवत होते, आणि कामाचा शब्द येताच त्याने मालकाला हलवून उठवले. या पहारेकऱ्याची आज आपण ओळख करून घेऊ.

मानसशास्त्रात या क्रियेला ‘अवधान’ म्हणतात. शब्द जुनाच आहे. आपले कीर्तनकार श्रोत्यांकडे अवधान मागतात, तेच हे अवधान. रोजच्या भाषेत आपण त्याला ‘लक्ष’ म्हणतो.

गर्दीत ऐकू येणारे नाव

उल्हासनगरच्या कापडबाजारात दुपारी उभे राहून पाहा. दुकानदार भाव सांगत आहेत, गिऱ्हाईक घासाघीस करीत आहे, रिक्षांचे भोंगे वाजत आहेत, कोणी मराठीत बोलतो आहे तर कोणी सिंधीत. तरीही तुम्ही मित्राशी बोलू शकता. इतके आवाज एकाच वेळी कानाच्या पडद्यावर आदळत असताना त्यातून एकच आवाज निवडून घेणे ही साधी गोष्ट नव्हे.

इंग्रज शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ साली यावर एक सोपा प्रयोग केला. त्यांनी माणसाच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि सांगितले, की एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत राहा. माणसांनी ते काम बिनचूक केले. मग त्यांना दुसऱ्या कानात काय ऐकू आले ते विचारले. आवाज पुरुषाचा होता की स्त्रीचा, एवढे त्यांना सांगता आले. पण काय बोलले गेले ते जवळजवळ काहीच सांगता आले नाही.

म्हणजे पहारेकरी दुसरा कान बंदच करून टाकतो काय? १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात मध्येच त्या माणसाचे स्वतःचे नाव ऐकवले. सुमारे एक तृतीयांश माणसांना ते चटकन ऐकू आले! दार पूर्ण बंद नव्हते. ते किलकिले होते आणि ओळखीच्या माणसाला आत येऊ देत होते.

पुढच्याच वर्षी, १९६० साली, इयन ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न झोपलेल्या माणसांना विचारला. ध्वनिफितीवर नावांची एक लांब यादी हळूहळू ऐकवली जात होती. स्वतःचे नाव आले, की मूठ आवळायची असे झोपण्यापूर्वी सांगून ठेवले होते. झोपेतही स्वतःच्या नावाला इतर नावांपेक्षा जास्त वेळा प्रतिसाद मिळाला, आणि मेंदूच्या विद्युत्-आलेखात त्या वेळी मोठ्या लहरी उमटल्या. आपल्या अंबरनाथच्या गृहस्थांचे कोडे येथे बरेचसे सुटते. ज्याला रोज जेथे उतरायचे असते, त्या स्थानकाचे नाव त्याला जवळजवळ स्वतःच्या नावाइतकेच जवळचे असते.

‘हे काय?’ विचारणारा प्रतिक्षेप

आता दुसरा प्रश्न. रेल्वेमार्गाला लागून राहणाऱ्या माणसांच्या घरांवरून पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गाड्या धडधडत जातात, भांडी थरथरतात. पण घरातली मुले शांत झोपतात. त्यांच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा मात्र रात्रभर दचकून उठतो. आवाज तोच, मग हा फरक कशाचा?

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग तुम्ही वाचले असतील. घंटा वाजताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटावे अशी सवय त्यांनी लावली होती. पण प्रयोगशाळेत कोणी अनोळखी माणूस आला, की कुत्रा घंटा विसरून कान टवकारून त्याच्याकडे पाहू लागे आणि प्रयोग फसे. पावलॉव्ह यांनी या फसण्याकडेही शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. नवीन गोष्टीकडे वळण्याच्या या क्रियेला त्यांनी ‘हे काय?’ प्रतिक्षेप असे नाव दिले.

पुढे मॉस्कोचे येवगेनी सोकोलोव्ह यांनी हा प्रतिक्षेप माणसात मोजला. नवा आवाज कानी पडला, की त्वचेला किंचित घाम सुटतो आणि तिची विद्युत्-वाहकता वाढते, रक्तवाहिन्यांत बदल होतो, मेंदूच्या लहरी बदलतात. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, की ही प्रतिक्रिया कमी कमी होत जवळजवळ नाहीशी होते. याला सराव किंवा सवय म्हणता येईल.

येथे एक शंका घेता येते. वारंवार ऐकून कान थकला, म्हणून प्रतिक्रिया थांबली असे का मानू नये? सोकोलोव्ह यांनी या शंकेचे सुंदर उत्तर शोधले. सवयीचा झालेला आवाज त्यांनी एकदा थोडा हळू केला. थकलेल्या कानाला हळू आवाज आणखीच कमी जाणवायला हवा. पण प्रतिक्रिया पुन्हा जोरात आली! दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज नेहमीपेक्षा लवकर थांबवला. तेव्हा जेथे आवाज असायला हवा होता आणि नव्हता, त्या शांततेलाच मेंदूने प्रतिक्रिया दिली. थकलेला कान शांततेने दचकत नाही. तेव्हा सोकोलोव्ह यांनी असा निष्कर्ष काढला, की मेंदू नेहमीच्या परिस्थितीची एक प्रतिकृती स्वतःजवळ तयार ठेवतो. येणारी प्रत्येक संवेदना त्या प्रतिकृतीशी ताडून पाहिली जाते. जुळली तर सोडून द्यायची, जुळली नाही तर ‘हे काय?’ म्हणून वळायचे.

शांततेने दचकण्याचा हा अनुभव आपल्या भागातल्या लोकांना एकदा घाऊक प्रमाणात घेता आला. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये मुंबईच्या उपनगरी गाड्या बंद झाल्या, आणि १५ जून २०२० रोजी अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी त्या पुन्हा थोड्या प्रमाणात सुरू झाल्या. कल्याणहून कर्जतकडे जाणारा मार्ग १८५६ सालापासूनचा. त्याच्या काठी जन्मलेल्यांना गाडीचा आवाज ‘ऐकू’ येत नव्हता; तो नाहीसा झाल्याचे मात्र ऐकू आले.

उलट उदाहरणही येथेच आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. लांबून आलेला प्रवासी त्याच्या भिंतींवरची शिल्पे तासभर पाहत राहतो. शेजारच्या रस्त्याने रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारा, की दाराच्या डाव्या बाजूला कोणते शिल्प आहे? बहुधा तो गप्प राहील. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या मेंदूतल्या प्रतिकृतीत मंदिर पक्के बसले आहे, म्हणून पहारेकरी ते पुन्हा तपासत नाही.

अचंब्याची विद्युत्-लहर

मेंदूतील हा ‘न जुळण्याचा’ क्षण प्रत्यक्ष पाहता येईल काय? जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावर विद्युत्-अग्रे लावून मेंदूच्या लहरी नोंदवल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतर हे शक्य झाले. या लहरी फार क्षीण असतात. एखाद्या आवाजाला मेंदूने दिलेले उत्तर एका व्होल्टच्या लक्षांशाच्या आसपास असते आणि इतर लहरींच्या गोंधळात बुडून जाते. म्हणून तोच प्रसंग पुष्कळ वेळा घडवून सर्व आलेखांची सरासरी काढतात. गोंधळ एकमेकांत विरून जातो, उत्तर तेवढे शिल्लक राहते.

असे आलेख काढून सॅम्युअल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६५ साली एक विलक्षण गोष्ट आढळली. पुढे काय येणार याची माणसाला खात्री नसेल, तर उद्दीपकानंतर सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम एक तृतीयांश काळाने, एक मोठी लहर उठते. घटना जितकी दुर्मीळ व अनपेक्षित, तितकी लहर मोठी. त्यांनीच १९६७ साली दाखवले, की अपेक्षित ‘टिक्’ मुळीच न वाजली आणि तिच्या न वाजण्याला काही अर्थ असला, तरीही ही लहर उठते. बाहेर काहीच घडले नव्हते. घडले होते ते मेंदूच्या अपेक्षेत.

फिनलंडचे रिस्तो नॅटानेन यांनी १९७८ साली त्याहूनही आधी उमटणारी एक खूण शोधली. ‘टिं, टिं, टिं, टिं, टं’ अशा मालिकेतल्या वेगळ्या ‘टं’ला सेकंदाच्या एक दशांश ते एक पंचमांश काळात मेंदू उत्तर देतो. विशेष म्हणजे माणूस पुस्तक वाचण्यात गुंग असला, आवाजाकडे त्याचे लक्ष नसले, तरी ही खूण दिसते. आपण म्हणालो होतो ना, की मालक झोपला तरी पहारेकरी जागा असतो? हा त्याचा पुरावा.

अपेक्षेचा फायदा आणि दंड

अपेक्षा केवळ अचंब्यासाठी नसते. तिचा रोजचा उपयोग म्हणजे वेळ वाचवणे. अमेरिकेतील मायकेल पोस्नर यांनी १९८० च्या सुमारास केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पडद्याच्या मध्यभागी बाण दिसे. त्याने दाखवलेल्या बाजूला थोड्या वेळाने बहुतेक वेळा ठिपका उजळे. पण कधीकधी मुद्दाम विरुद्ध बाजूला उजळे. ठिपका दिसताच कळ दाबायची. बाण खरा ठरला, तर प्रतिसाद लवकर येई. बाण खोटा ठरला, तर बाणच नसल्यापेक्षाही उशीर होई. फरक सेकंदाच्या काही शतांशांचाच. पण तो नेमाने दिसे. अपेक्षा बरोबर ठरली तर बक्षीस, चुकली तर दंड.

हा प्रयोग तुम्हाला वर्गात करता येईल. ३० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. एका विद्यार्थ्याने दोन हातांत एकेक पट्टी वरून उभी धरावी. दुसऱ्याने आपल्या दोन्ही हातांची चिमटी त्या पट्ट्यांच्या शून्याजवळ, पट्टीला स्पर्श न करता धरावी. पहिल्याने ‘डावी’ किंवा ‘उजवी’ म्हणावे आणि दोन ते चार सेकंदांत एक पट्टी सोडावी. एकूण २० वेळा हे करावे. १६ वेळा म्हटलेलीच पट्टी सोडावी, ४ वेळा मुद्दाम दुसरी. क्रम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि पकडणाऱ्याला कळू देऊ नये. पट्टी किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहून ठेवावे. निसटली तर ३० धरावे. शेवटी ‘खऱ्या’ आणि ‘खोट्या’ सूचनांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या काढाव्यात.

अंतरावरून वेळ असा कळतो: पट्टी १० सेंटिमीटर पडायला सुमारे ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२०, २५ ला ०.२३ आणि ३० ला ०.२५ सेकंद लागतात. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी गुरुत्वत्वरणाच्या सूत्रावरून हे आकडे स्वतः पडताळून पाहावेत. खोट्या सूचनेच्या वेळी पट्टी बऱ्याचदा निसटेल, किंवा चुकीचीच चिमटी मिटेल. मग हाच प्रयोग १० वेळा खरी आणि १० वेळा खोटी सूचना देऊन करा. सूचनेवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही हे मेंदू लवकरच ओळखील आणि फायदा व दंड दोन्ही कमी होतील.

दंडाचे आणखी मोठे उदाहरण डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ साली दिले. त्यांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. काही मुले चेंडू एकमेकांकडे टाकत होती. पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांनी चेंडू किती वेळा टाकला ते मोजायचे होते. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली एक व्यक्ती चालत आली, मधोमध थांबली, छाती बडवली आणि निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! डोळे उघडे होते, प्रतिमाही डोळ्यांत पडत होती. पण लक्ष मोजणीला बांधलेले होते.

तेव्हा पहारेकऱ्याविषयी दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अनपेक्षित गोष्टीने तो दचकतो, आणि त्याला दुसऱ्याच कामाला जुंपले असेल, तर अनपेक्षित गोष्ट त्याच्यासमोरून निघूनही जाते.

दोन जाळी आणि एक निळा ठिपका

हे सारे मेंदूत कोठे घडते? मोरिझियो कॉर्बेटा आणि गॉर्डन शुलमन यांनी २००२ साली अनेक प्रयोगांचा मेळ घालून असे मांडले, की अवधानाची दोन जाळी आहेत. डोक्याच्या वरच्या भागात, कपाळामागच्या व टाळूखालच्या मेंदूपृष्ठावर एक जाळे आहे. ‘बाण डावीकडे आहे, डावीकडे पाहा’ असे हुकूम ते देते. दुसरे जाळे त्याच्या खालच्या बाजूस, विशेषतः उजव्या कानाच्या वर-मागे असते. ते अनपेक्षित पण कामाची गोष्ट समोर आली, की चालू काम तोडून लक्ष तिकडे फिरवते. एक जाळे कारभारी, तर दुसरे चौकीदार. निरोगी मेंदूत दोघे एकमेकांशी सतत बोलत असतात.

या दोघांना साथ देतो मेंदूच्या देठातला एक लहानसा ठिपका. ताज्या मेंदूत तो निळसर दिसतो, म्हणून त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘निळी जागा’ असा आहे. त्यात तुलनेने थोड्याच चेतापेशी असतात; पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. अचानक काही घडले, की हा ठिपका नॉरॲड्रेनॅलिन नावाचे रसायन सगळीकडे पाठवतो आणि मेंदू क्षणात सावध होतो.

अचंबा संपल्यावर काय उरते? शिकवण. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपॅमिन सोडणाऱ्या चेतापेशींच्या नोंदी घेतल्या. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला, की त्या पेशी जोरात स्पंदने देत. दिव्यानंतर रस मिळतो हे माकड शिकले, की पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागत, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर नेमक्या त्या क्षणी स्पंदने मंदावत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक हाच मेंदूचा गुरू आहे.

वांगणीचा फलाट

आता बदलापूरच्या पुढच्याच स्थानकावर, वांगणीला जाऊ. १७ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ. पॉइंट्समन मयूर शेळके हे फलाटावर न थांबता जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेसला बावटा दाखवण्यासाठी उभे होते. त्यांच्या दृष्टीने ही रोजचीच घटना होती. गाडी कोणती, कोणत्या दिशेने, कधी, सारे ठाऊक.

त्या वेळी एक अंध आई आपल्या लहान मुलाचा हात धरून फलाटावरून चालली होती. चालता चालता मूल फलाटाच्या कडेवरून रुळांवर पडले. आईला दिसत नव्हते. ती चाचपडत होती. समोरून गाडी येत होती. शेळके रुळांवरून धावत गेले, त्यांनी मुलाला उचलून फलाटावर ढकलले आणि स्वतः वर चढले. काही क्षणांतच गाडी तेथून धडधडत गेली. स्थानकावरच्या कॅमेऱ्यात हे सर्व टिपले गेले आणि देशभर लोकांनी ते पाहिले.

त्यांच्या मेंदूतल्या लहरी कोणी मोजल्या नव्हत्या. पण प्रयोगशाळेतले ज्ञान वापरून आपण काही आडाखे बांधू शकतो. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. सटन यांची अचंब्याची लहर उठायला जो एक तृतीयांश सेकंद लागतो, तेवढ्यात गाडी नऊ मीटर पुढे आलेली असते. शेळके यांचे लक्ष गाडीला बांधलेले होते, तरी चौकीदार जाळ्याने ते तोडले. का? कारण रुळांवर काय असावे आणि काय नसावे याची पक्की प्रतिकृती त्यांच्या मेंदूत होती. ज्याला नेहमीचे चित्र नीट ठाऊक असते, त्यालाच वेगळेपण चटकन कळते. अनुभवी माणसाची सावधता म्हणतात ती हीच.

पण येथेच एक मर्यादाही सांगितली पाहिजे. धावताना आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार मनात आल्याचे शेळके यांनी नंतर सांगितले. लक्ष वळवणे हे पहारेकऱ्याचे काम. वळल्यावर धावायचे की नाही, हे ठरवणारा माणूस असतो.

पहारेकऱ्यालाही झोप येते

पहारेकऱ्याचा एक दोष रेल्वेला फार पूर्वीपासून माहीत आहे. बराच वेळ काहीच घडले नाही, की तो पेंगू लागतो. दुसऱ्या महायुद्धात रडारचे पडदे पाहणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या नजरेतून शत्रूच्या पाणबुड्या निसटत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी याचा अभ्यास करून १९४८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांच्या घड्याळाचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे जाई. क्वचित एखाद्या वेळी दोन पावले उडी मारी. ती उडी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागल्या. माणसे आळशी नव्हती. क्वचित घडणाऱ्या घटनेची वाट पाहत राहणे हेच मेंदूला अवघड जाते.

म्हणून लोकलच्या मोटरमनच्या हातातील दांडा सतत दाबून धरावा लागतो. हात सुटला तर ब्रेक लागतात. लांब पल्ल्याच्या इंजिनात चालकाने काही वेळ कसलीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा, मग भोंगा, आणि तरीही उत्तर नाही मिळाले तर ब्रेक अशी योजना असते. सिग्नल दिसला, की चालक आणि सहचालक त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. दाट धुक्यात सिग्नल जवळ आल्याचे कळावे म्हणून रुळांवर फटाक्यासारखे स्फोटक ठेवतात; चाक त्यावरून गेले की बार होतो. डोळ्याला जे दिसत नाही, ते कानाकडून पहारेकऱ्याला कळवण्याची ही युक्ती आहे.

दुसरी गाडी

शेवटी तुमच्या-आमच्या पायांखालची गोष्ट. मुंबई उपनगरी रेल्वेवर २०२३ साली दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील पुष्कळ जण रूळ ओलांडताना गेले. त्यांना डोळे आणि कान नव्हते काय?

पहारेकऱ्याच्या बाजूने विचार करा. माणूस रुळाजवळ येतो आणि गाडी येताना पाहून थांबतो. गाडी धडधडत निघून जाते. मेंदूने जिची वाट पाहिली, ती घटना घडून गेली. अपेक्षा पूर्ण झाली, पहारा ढिला झाला, पाऊल पुढे पडले. त्याच वेळी शेजारच्या मार्गावर विरुद्ध दिशेने दुसरी गाडी येत असते. पहिल्या गाडीने तिला झाकले होते आणि तिचा आवाजही गिळला होता. पोस्नर यांच्या खोट्या बाणाचा दंड प्रयोगशाळेत काही शतांश सेकंदांचा असतो. येथे तो फार मोठा असतो.

त्यात डोळाही फसतो. गाडीचा दर्शनी भाग सुमारे साडेतीन मीटर रुंद धरा. ४०० मीटर अंतरावरून तो आकाशातल्या चंद्राएवढा, अर्ध्या अंशाचा दिसतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने सात सेकंदांनी ती २०० मीटरवर येते, तेव्हा दोन चंद्रांएवढी दिसते. एवढीशी वाढ मेंदूला संथ वाटते. उरलेल्या सात सेकंदांत मात्र ती सारे आकाश व्यापते. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येते असे वाटण्याचा हा भ्रम हर्शेल लाइबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांच्या संदर्भात मांडला होता. कानात गाणे लावलेले असेल, तर कानाच्या दाराशी पहारेकरी उभाच नसतो, आणि मन गाण्यात असेल, तर डोळ्यांच्या दाराशीही तो अर्धाच उभा असतो.

‘मी सावध आहे, मला काही होणार नाही’ असे म्हणणाऱ्याला गोरिलाची गोष्ट सांगा. ज्यांना तो दिसला नाही, त्यांतल्या काहींचा नंतर त्यावर विश्वासच बसत नसे. आपले लक्ष कोठे नाही, हे आपल्याला कळत नसते. कारण ते कळायलाही लक्षच लागते. म्हणून पादचारी पुलाचे जिने चढणे हे केवळ नियमाचे पालन नव्हे. पहारेकऱ्याच्या मर्यादा ओळखून घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय आहे. जिने चढायला दोन-तीन मिनिटे जास्त लागतील. पूल मात्र कधी दचकत नाही, पेंगत नाही आणि त्याला कोणत्याही गाडीची अपेक्षा करावी लागत नाही.

उद्या लोकलने जाल, तेव्हा डुलकी घेणाऱ्या एखाद्या प्रवाशाकडे जरा पाहा. स्थानकांची नावे एकामागून एक येतील. कोणत्या नावाला त्याच्या पापण्या हलतात? आणि तो उतरून गेल्यावर स्वतःला विचारा: एवढा वेळ मी त्याच्याकडे पाहत होतो, तेव्हा डब्यात आणखी काय काय घडले, जे मला दिसलेच नाही?